सोळा भाग आणि परत केलेले शिंगाडे

मी, वच्छला बकाराम शहारे, वय ६७, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार नवेगाव बांध, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना करून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही. हात थरथरतो, म्हणून मी सांगते आहे आणि माझी सून खुशी लिहिते आहे. ती म्हणाली, वकिलाकडून टाइप करून घेऊ. मी म्हटलं, तूच लिही. कारण कलम पाचमध्ये येईल.

१. माझे पती वारले त्याला अकरा वर्षं झाली. एकुलता मुलगा रोशन २०२१ साली देवरीजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. एकतीस वर्षं रजिस्टर भरलेल्या बाईला तेवढी सवय असते. शेजारीण धुरपता तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "वच्छला, रडून घे न वो. आंगात राहून जाते थे." राहूनच गेलं.

२. रोशनने घेतलेला टीव्ही खुशीला द्यावा. तो गेल्यानंतर आम्ही दोघी दुपारी जेवणं झाल्यावर त्यावर हिंदीतून कोरियन मालिका बघतो. आजवर एकोणतीस झाल्या. कोरियन नावं आमच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्हीच ठेवली. त्यांच्याबद्दल माझं मत नोंदवून ठेवते.

'डॉक्टरवाली' खोटी आहे. कोणत्याच दवाखान्यात डॉक्टरला गच्चीवर जाऊन एवढा वेळ उभं राहता येत नाही. 'राजवाड्यावाली'त राणीच्या सूपमध्ये विष आहे हे दासीपासून घोड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, फक्त राणीला नाही. तरी कपडे बघण्यासारखे. 'भूतवाली'तला यमदूत देखणा होता. खुशी त्याच्यासाठी तीन दिवस रडली, मी लसूण सोलत होते. पोरीचं मनगट धरून तिला ओढत नेतात, त्याला ते लोक प्रेम म्हणतात. मला ते पटलेलं नाही. मात्र ते जेवतात छान. कितीही वाईट झालं तरी कोणीतरी कोणाच्या तरी भातावर भाजी वाढतं. आणि सोळा भागांत संपतात. आपल्याकडच्या मालिका मेलेल्या माणसालासुद्धा सुटी देत नाहीत.

३. दीर उदाराम यांनी रोशनच्या मातीला चारचौघांत म्हटलं होतं, "बाईच्या डोर्‍यात पानी नाही, पाहा." मी विसरलेली नाही. माझी निळी प्लास्टिकची खुर्ची ते दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाला बसायला म्हणून घेऊन गेले, ती सहा वर्षांत परत आली नाही. ती त्यांचीच समजावी. याशिवाय त्यांना काहीही नाही.

४. राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते, आणि तलावाकडची अर्धा एकर धानाची बांधी, मी खुशीला देते. कोणतीही अट नाही. तिने दुसरं लग्न केलं तरी घर तिचंच. 'सून दुसऱ्या घरी गेली' म्हणून उदाराम किंवा त्यांच्या मुलांनी दारात उभं राहू नये.

५. 'पाकीटवाली'त एक श्रीमंत आई मुलाच्या आयुष्यातल्या पोरीला हॉटेलात बोलावते, पैशाचं पाकीट समोर ठेवते आणि म्हणते, निघून जा. पुढे मुलाला खोटं सांगते. चौदा भाग ते खोटं चालतं. अकराव्या भागाला खुशी चिडली. म्हणाली, "आई, हे बाई सांगून काऊन नाही टाकत? थो पोरगा कवापासून वाट पाहून राहिला!"

मी उठून कपडे काढायला अंगणात गेले. एकही वाळला नव्हता.

खुशी बचत गटातर्फे नागझिऱ्याला पर्यटकांचा स्वयंपाक करायला जायची. तिथे गाईड असलेला इंद्रकुमार उके दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, आमच्या घरी आला. खुशी बाजारात गेली होती. त्याने शिंगाड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, पायाला हात लावला आणि सरळ म्हणाला, "काकू, खुशीले मी लग्नाचं विचारलो. थे म्हनते, आई हो म्हनन तं हो." मी पाकीट दिलं नाही, माझ्याकडे नव्हतं. पिशवी परत दिली आणि म्हटलं, "आमच्या घरची सून आहे. पुना येजो नोको." त्याने चिठ्ठीवर आपला नंबर लिहून ठेवला आणि गेला.

खुशी आल्यावर तिला सांगितलं, इंद्रकुमार येऊन गेला, त्याचं लग्न गोंदियाला जमलं म्हणे. ती "बरं झालं" म्हणाली आणि चूल पेटवायला बसली. तिने त्याचं नाव पुन्हा काढलं नाही आणि नागझिऱ्याला जाणंही सोडलं.

हे मी का केलं? घरात दुसरं कोणी नव्हतं. दुपारी एकटीने टीव्ही बघायची मला भीती वाटली. रोशन गेल्यावर मला वाटलेली ती एकच गोष्ट.

त्या मालिकांत खरं सांगणारी चिठ्ठी आई मेल्यावर सापडते आणि सगळे रडतात. तो मला पळपुटेपणा वाटतो. म्हणून खुशीने हे आत्ता, स्वतःच्या हाताने लिहावं.

६. लाखोळीच्या डाळीचा डबा खुशीला. इंद्रकुमारच्या नंबरची चिठ्ठी तळाला आहे.

इथे खुशीने पेन खाली ठेवला. मी माफी मागितली. ती लिहून घेण्याची गरज नाही, पण तिने लिहिली आहे. मग तिने विचारलं, "शिंगाडे किती होते?"

"किलोभर."

"उकडलेले का कच्चे?"

"उकडलेले. गरम होते."

तेव्हा ती रडली. मला रडू आलं नाही. मी तिच्या ताटात भात वाढला, त्यावर भाजी वाढली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. दोन घास खाऊन ती उठली, डबा परातीत उपडा केला आणि फोन घेऊन अंगणात गेली.

परत आल्यावर म्हणाली, साक्षीदार दोन लागतात, आपल्याकडे धुरपताकाकूच आहेत. दुसरा चार वाजता येतो आहे. त्याचं लग्न झालेलं नाही. त्यापुढचं माझ्या मृत्युपत्रात बसत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो खरा आहे. 'पाकीटवाली'चा सोळावा भाग राहिला आहे, तो खुशीने तिला हवा त्याच्यासोबत बघावा. मला नंतर सांगितलं तरी चालेल.

मृत्युपत्र करणार : वच्छला बकाराम शहारे (सही थरथरती आहे, माझीच आहे)
लिहिणार : खुशी रोशन शहारे
साक्षीदार १ : धुरपता वालदे, शेजारीण (अंगठा)
साक्षीदार २ : इंद्रकुमार उके, गाईड, नागझिरा (सही)

स्थळ : नवेगाव बांध
दिनांक : १९ जानेवारी २०२५, दुपारी सव्वाचार