गुलाल उचलणार नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुराजला आईचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. उचगावला तुझ्या सासरी तुम्ही सगळे बरे असाल. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. तुझ्या काकांच्या, बाळासो भाऊजींच्या हाती देते.

म्हशी सावरल्यात. सडांवरच्या फोडांनी खपल्या धरल्या. कट्ट्यावर दूध विकायला अजून नेत नाही, डॉक्टरांनी थांबवलंय. तुझ्या काकीच्या, संयोगिताच्या बोटांवरचे फोडही बसले. सूनबाईचे, स्नेहलचे हात कसे आहेत? नुसती हळद थापत बसू नका, दवाखान्यात दाखवा.

आता मुद्द्यावर येते. भाऊजींनी तुझा निरोप सांगितला. "आईनं पेठेच्या तालमीत चार माणसांम्होरं जोतिबाचा गुलाल हातात घिऊन शपथ घ्यावी, मी काय केलं न्हाई म्हणावं, मग आमी येतो." ऐकून मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून आहे.

गोठ्यात धार काढणाऱ्या सगळ्यांचे हात फोडांनी भरले, माझे नाही. एवढाच माझा गुन्हा. संयोगिता अंगणात ओरडली, "समद्यांची हातं फुटली, हिचीच कशी न्हाईत? करणी केलीया हिनं!" तिचे हात सुजले होते तेव्हा तिच्या म्हशींच्या धारा कोणी काढल्या, विचार तिला. मी काढल्या, आजारी म्हैस शेवटी घेऊन, प्रत्येक वेळी हात धुऊन.

गुरांचे डॉक्टर अतुल म्हशी बघून झाल्यावर मला म्हणाले, "मावशी, जरा दंड दावा की." दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. शाहूवाडीला माहेरी लहानपणी टोचलेली. पुढं देवीचा रोगच गेला आणि लसही बंद झाली, म्हणून संयोगिताला ती टोचली नाही, तुला आणि स्नेहललाही नाही. म्हशींचा हा रोग देवीच्याच भाऊबंदातला. डॉक्टर म्हणाले, विषाणू शरीरातल्या ज्या पेशीत शिरतो, ती पेशी त्याचे बारीक तुकडे आपल्या अंगावर दाखवते आणि रक्तातल्या टी पेशी ते तपासत फिरतात. भाऊबंद विषाणूंचे बरेच तुकडे सारखेच असतात. लशीच्या वेळी पाहिलेला तुकडा पुन्हा दिसला की जुन्या टी पेशी लगेच तुटून पडतात. लग्नात अनोळखी पोराचं नाक बघून आपण नाही का म्हणत, हा अमक्यांच्या घरातला? तसंच. ही ओळख पन्नास वर्षंही टिकू शकते. सगळ्यांचीच टिकते असं नाही, हेही ते म्हणाले. माझी टिकली. यात माझं काही कर्तृत्व नाही आणि पापही नाही.

हे सगळं मी संयोगिताला सांगितलं. "डाक्टरला बी फितवलंस व्हय!" म्हणाली. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही.

तुझं घेतलं. खरं तर तू बोललास कुठं? ती ओरडत होती तेव्हा अक्षता माझ्या मांडीवर होती. तू आलास, पोटच्या पोरीला माझ्यापासून वाचवावं तसं उचललंस आणि गाडी काढलीस. तिनं माझा पदर धरला होता. तिची मूठ तू सोडवलीस, ऋतुराज. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तर ऐक. मी गुलाल उचलणार नाही. उचलला तर असा जाब विचारायचा लोकांना हक्क होता, असं होईल. उद्या पेठेतल्या दुसऱ्या एखाद्या विधवेला तालमीत उभं करतील. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आणि पोलीस ठाण्याची वाट मला माहीत आहे. अजून गेले नाही ती फक्त तुझं तोंड बघून.

घर तुझं आहे, कधीही ये. पण येशील तेव्हा त्याच अंगणात, संयोगिताच्या देखत, अक्षताला तुझ्या हातानं माझ्या मांडीवर ठेव. वाट बघायची माझी तयारी आहे. वाकायची नाही.

तुझी आई
आणि तू नाही म्हणालास तरी अक्षताची आजी,
चिमणाबाई