तेविसाव्या तासाचं एकेचाळिसावं मिनिट

१२ जानेवारी २००७
आले एकदाची नोर्यांगजिनला, परीक्षा देणाऱ्यांच्या या वस्तीत! खोली नंबर नऊ, तिसरा मजला. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, म्हणजे झाडायला दोन मिनिटं पुरे. खिडकी नाही, म्हणून भाडं कमी. स्वयंपाकघरात भात आणि किमची फुकट. आणखी काय हवं माणसाला? सरकारी नोकरी. तेवढ्यासाठी समुद्रकाठचं सोक्चो सोडून आलेय, आणि फोनही आईकडे ठेवून आलेय. इथं सगळे असंच करतात.

परीक्षा चौदा एप्रिलला. या वर्षी अठ्ठाविसावं सरतं, पुढं वयाची अट आडवी येते. गेल्या वेळी चार विषयांत नव्वदच्या वर होते आणि प्रशासकीय कायद्यात पस्तीस. एका विषयात चाळीसच्या खाली गेलं की सगळंच पाण्यात. आई बंदरावर समुद्रातली माकुलं सुकवून विकते. तिच्या हातांच्या भेगा बघून पुन्हा नापास व्हायची हिंमत नाही माझी.

टेबलाच्या खणात काडेपेटीएवढा प्लेअर सापडला. गू दादा इथली व्यवस्था बघतात, स्वतःही सात वर्षं परीक्षा देतायत. म्हणाले, आधीची पोरगी टाकून गेली असेल, घे तूच, माझे कान तर आता शिकवणीच्या सरांच्या आवाजानं किटलेत. आत प्रशासकीय कायद्याचे साठ तास निघाले, वर्गात बसून कोणी तरी रेकॉर्ड केलेले. मी तर जागच्या जागी उडीच मारली.

१५ जानेवारी
इथं कोणी कोणाशी बोलत नाही. तक्रार असली की पिवळी चिठ्ठी लिहायची आणि दाराखालून सरकवायची. मला तीन दिवसांत दोन आल्या. पहिली: 'खोली ९, सुक्या माकुलाचा वास येतो. अभ्यास सोडून भूक लागते. कृपया.' दुसरी: 'तुमचं पेन फार करकरतं. कृपया.' पेन बाबांचं आहे, निब वाकडी आहे, ते काही मी बदलणार नाही. स्वयंपाकघरात माफीची चिठ्ठी लावली आणि खाली दहा पायांचं, दात काढून हसणारं माकूल काढलं. आता तीच माझी सही.

२० जानेवारी
प्लेअरनं डोकं उठवलंय. पहिल्या तासानंतर दहावा लागतो, मग अकरावा, आणि दुसरा येतो पार विसाच्या शेजारी. गू दादा म्हणाले, अगं वेडाबाई, ते यंत्र आकडा नाही बघत, पहिलं अक्षर बघतं, एक ते नऊच्या पुढं शून्य लाव. नऊ फायलींना शून्यं लावली. आता ओळीनं लागतात. बंद केला की कुठवर ऐकलं ते मात्र विसरतो, म्हणून मिनिटं मी वहीत लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी
मेंग ताई ही माझी जेवणाची जोडीदार. इथं अशी जोडी ठरवून घेतात, वीस मिनिटं जेवायचं आणि तेवढंच बोलायचं. मी सरांना दीडपट वेगानं ऐकते म्हटल्यावर ती म्हणाली, म्हणूनच तू जेवतेस पण तशीच, कोणी मागं लागल्यासारखी. खूप हसलो. दिवसभरातलं तेवढंच बोलणं.

२६ फेब्रुवारी
तेविसावा तास एकेचाळिसाव्या मिनिटाला अडतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. सात वेळा करून पाहिलं. मुद्दा नेमका तोच, सरकारनं दिलेला परवाना मागं घेतला तर माणसानं काय करायचं. गेल्या वर्षी यावरच तीन प्रश्न होते आणि तिन्ही चुकले. मेंग ताई म्हणते, माझी वही घे आणि तो तास सोड. पण सर समजावतात तसं वहीत कुठलं?

३ मार्च
गू दादांनी फाइल संगणकावर घालून नव्यानं बनवून दिली. एकेचाळीस ओलांडलं! आणि नेमकं तेव्हाच शेजारी कोणी तरी दार बडवायला लागलं. बोंडं कानातून काढली तर आवाज बंद. लबाड कुठले. पुन्हा घातली, पुन्हा तेच. चिठ्ठी लिहिली: 'शेजारच्या खोलीस. ठोकणं थांबवा. सगळ्यांचीच परीक्षा आहे. कृपया.' खाली माकूल. दहा नंबरच्या दाराखालून सरकवून आले. मग थांबलं.

४ मार्च
गू दादा म्हणाले, दहा नंबरात कोण राहणार, तिथं रजया ठेवतो आम्ही. उघडून दाखवलं. रजयाच होत्या. चिठ्ठी नव्हती. दाराखाली नाही, रजयांखाली नाही, कुठंच नाही.

९ मार्च
ठोकणं रेकॉर्डिंगमधलंच आहे. आज धीर करून साध्या वेगानं पूर्ण ऐकलं. एकेचाळिसाव्या मिनिटाला सर वाक्याच्या मध्येच तुटतात. मग दार बडवल्याचा आवाज, आतून. एक मुलगी म्हणते, उघडा, माझी परीक्षा आहे. बराच वेळ. मग कागद सरकल्याचा आवाज. ठोकणं थांबतं. मग पेन. भराभर, करकर. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला पेन थांबतं. त्यापुढं चौदा मिनिटं काहीच नाही.

आधीच्या मुलीचं काय झालं, विचारलं. गू दादा म्हणाले, काय होणार, गेली घरी, सगळेच जातात. सामान? ते नाही नेलं म्हणे.

१८ मार्च
तेविसावा पुसून टाकला. संध्याकाळी पुन्हा साठच्या साठ.
प्लेअर जिन्यातल्या कचऱ्यात टाकला. परत आले तर खणात. वर चिठ्ठी, गू दादांचं अक्षर — खोली ९ची वस्तू मिळाली, कृपया सांभाळा. गू दादा भला माणूस. भल्या माणसांचीच आता भीती वाटते.

२ एप्रिल
दार फुगलंय. खांदा लावावा लागतो. काल दोन वेळा ढकललं, आज पाच. गू दादांना दाखवलं तर एका बोटानं उघडलं. म्हणाले, जेवत जा जरा.

९ एप्रिल
बाहेरून उघडतं. आतून नाही. आज कोणी तरी बाहेरून ओढेपर्यंत अडकले, जेवायला पोचायला उशीर झाला. मेंग ताई म्हणाली, तोंड बघ आरशात, माझ्याकडे ये राहायला. पण तिच्याकडे तिघी, बडबड. मी नको म्हणाले. पाचच दिवस तर राहिलेत.

१३ एप्रिल
ताईनं चिकट तांदळाची मिठाई दिली, परीक्षेला चिकटून बसशील म्हणाली. सकाळी सातला बसथांब्यावर भेटायचं. प्रवेशपत्र, ओळखपत्र, पेन पिशवीत. दारात चप्पल अडकवून ठेवलीय, बंद होऊ नये म्हणून.
एकच रात्र.

१४ एप्रिल, सकाळी ६.२०
चप्पल आत आहे. दार बंद. कोणी तरी जाताना नीट लावून घेतलं असेल — इथं उघडं दार बरं दिसत नाही —

६.३५
खांदा. लाथ. खुर्ची. उघडत नाही.
बाहेर सपातांचे आवाज. सगळे निघालेत. मी ओरडतेय आणि ते चवड्यांवर चालतायत, हळू, मला त्रास नको म्हणून —

६.५०
प्लेअरचा लाल दिवा लागलाय. मी नाही लावला. पडद्यावर तेवीस. ४१.१०.
मी म्हणाले, उघडा, माझी परीक्षा आहे.
म्हणाले आणि मग ऐकलं मी काय म्हणाले ते.

दाराखालून कागद. पिवळा.
ठोकणं थांबवा. सगळ्यांचीच परीक्षा आहे. कृपया.
खाली माकूल. हसतंय. अक्षर माझं.

हात थांबले माझे. आता ठोकत नाही. लिहितेय. करकर करकर, थांबवता येत नाही — ४३.२० — ताई थांब्यावर असेल, ती येईल, ती चिठ्ठी नाही सरकवणार, ती दार — ४३.४० — पेन थांबू द्यायचं नाही, काहीही लिहायचं, माकूल माकूल माकूल — आई, यंदा मला सगळं येत होतं गं, खरंच, तो एक तास सोडला तर सगळं — ४३.५५ — आई, तुझ्या हातांना मी