पार्वताबाईसाठी थांबण्याचे गुण

अमरावती
रविवार, उपासनेनंतर

प्रिय सत्यभामा,

प्रेमाचा सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? खुशालराव भाऊजींना मानाचा नमस्कार सांग आणि साखर सांभाळा म्हणावं. तुझ्या योगेशला आशीर्वाद, त्याची भाजी यंदा चांगली उतरली हे ऐकून बरं वाटलं. माझी प्रकृती उत्तम आहे. (इतकी, की लोक मला "आता आराम करा" म्हणू लागलेत. असं म्हणणारा माणूस आपलं काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो.)

बोर्डिंगमध्ये सिस्टरांनी मला ऑर्गनपुढे बसवलं तेव्हा माझे पाय खालच्या भात्यापर्यंत पोचत नव्हते, आणि तू जमिनीवर बसून हातांनी भाता दाबायचीस. (बाळापूरच्या शेतकऱ्याची पोर ख्रिस्ती गीतं माझ्याहून गोड म्हणते, याचं सिस्टरांना कौतुकही होतं आणि रागही.) पाय पोचू लागले तेव्हापासून आमच्या चर्चमधला ऑर्गन मीच वाजवत आले आणि गायकही मीच सांभाळले. लग्नं झाली, बाप्तिस्मे झाले, मयती झाल्या. मयताच्या घरी कोणी माझी पात्रता विचारली नाही.

यंदा धर्मेंद्र चर्चचा सेक्रेटरी झाला. (लहानपणी गायकांत होता, तेव्हा मी त्याला नुसते ओठ हलवायला सांगायचे. तो ते विसरलेला नसावा.) त्यानं ठराव आणला की यापुढे ऑर्गनवादक आणि गायनप्रमुख प्रमाणपत्रवालाच हवा. मी विचारलं, मग तुझ्या लग्नात मी वाजवलं ते आता कसं करायचं, लग्न पुन्हा लावायचं का? तो नम्रपणे हसला. त्याचं ते नम्र हसणं मला शाळेच्या नोटिशीसारखं वाटतं, खाली सही-शिक्का असलेलं. अर्ज त्यानं भरूनच आणला होता, त्यात माझं वयही न चुकता लिहिलेलं.

परीक्षा अकोल्याला होती, जठारपेठेत, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. लेखी पेपर बरा गेला, सिस्टरांची छडी अजून कामाला येते. प्रात्यक्षिकाला मात्र ऑर्गन नव्हताच, टेबलावर विजेचा कीबोर्ड. परीक्षक अंकुर नावाचा, आपल्या भाच्यांच्या वयाचा, सालस मुलगा. मी सूर धरला आणि माझे पाय आपोआप भाता मारू लागले. खाली भाता नव्हता, परीक्षकाचा जेवणाचा डबा होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत वरण माझ्या सँडलपर्यंत पोचलं. आंटी, हे विजेवर चालतं, तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पायांना अजून कोणी कळवलेलं नाही.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी मी थांबले. दर कडव्यात थांबले. तू आमच्याकडे कधी रविवारी आली नाहीस म्हणून सांगते: आमच्या गायकांत पार्वताबाई आहे, मिशन दवाखान्यातली जुनी आया. तिला दमा. तिसऱ्या ओळीनंतर तिला श्वास घ्यावा लागतो, म्हणून मी सूर धरून ठेवते, बाकीचे थांबतात, ती आली की आम्ही पुढे निघतो. इतकी वर्षं असं चाललंय की आमच्या पोरांना वाटतं गीत मुळात तसंच आहे. जठारपेठेत पार्वताबाई नव्हती, तरी मी तिच्यासाठी थांबले. अंकुरनं शेरा लिहिला: लयीत खंड.

मग गायन चालवून दाखवायचं होतं. समोर रिकाम्या खुर्च्या, आणि गाणारं मंडळ यंत्रात भरलेलं. हात ऑर्गनवर गुंतलेले म्हणून मी जन्मभर गायकांना हनुवटीनं खुणावत आले, तशीच यंत्राला खुणावत राहिले. ते मेलं माझ्याकडे बघेचना. (वर माझ्याआधी संपलं.) नापास.

आज ऑर्गन भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, त्यावर चहाचे कप. कीबोर्डवर धर्मेंद्रची मुलगी, प्रणाली. ती घरबसल्या कॉम्प्युटरवर पास झाली. पोरगी गुणी आहे, बोटं स्वच्छ पडतात, तिच्यावर माझा राग नाही. मी पहिल्यांदाच बाकावर बसले आणि लोकांच्या पाठी पाहिल्या. तिसरी ओळ आली, प्रणाली पुढे गेली, सगळे तिच्यामागे गेले, आणि पार्वताबाई श्वास घेऊन परतली तेव्हा गीत दोन ओळी लांब होतं. मग ती गायलीच नाही. पुस्तक मिटून उभी राहिली. तिला मोतीबिंदू आहे, कोण वाजवतंय ते दिसत नाही. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला.

"माणिक, आज तू माह्यासाठी काहून थांबली नाई वं?"

मी वाजवत नव्हते, हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी थांबते.

असो. माझं काही म्हणणं नाही. वय झालं, नव्यांना जागा द्यावी. त्या परीक्षेचं मी आता नावही काढणार नाही.

तुझीच,
माणिक

ता. क. दुसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी अर्ज केला. आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला येते.

ता. क. २. मी सँडल धूत होते तेव्हा अंकुर म्हणाला होता, पुढच्या वेळी स्वतःचं वाद्य आणि स्वतःचे गायक आणले तरी चालतात. योगेशचा टेम्पो अमरावतीच्या बाजारात भाजी उतरवून अकोल्यावरूनच रिकामा परत जातो ना? त्यात ऑर्गन मावेल, चार गायक मावतील आणि पार्वताबाईची खुर्चीही. पाचवी गाणारी तू. तिसऱ्या ओळीला थांबायचं, एवढंच लक्षात ठेव.

ता. क. ३. त्या दिवशी टेम्पोत कांदे भरू नको म्हणावं. मागे वास राहतो, पार्वताबाईच्या डोळ्यांना पाणी येतं, आणि मला निमित्त नको आहे.