रंधा म्हणजे ‘हो’

दि. ४ मार्च

चि. खटपट्यास ताईचे अ. उ. आ.

पत्र उघडलंस तर आधी खाली बस. आपले बाबा आत आहेत.

शिडीवरून पडल्याला सात महिने झाले. डोळे उघडे, पण हाक मारली तर पापणी हलत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले होते की मेंदू फक्त श्वास चालवतोय, माणूस उरलेला नाही. मंगळवारी नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मी चालवते त्याच स्कॅनच्या यंत्रात घातलं. रोज परक्यांचे मेंदू बघते मी, पण त्या दिवशी बटण दाबण्याआधी पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं. बाईंनी हेडफोनमधून बाबांना सांगितलं, फळीवर रंधा मारताय अशी कल्पना करा. जन्मभर सुतारकी केलेला माणूस तो. पडद्यावर हालचालीचा भाग उजळला. थांबा म्हटल्यावर विझला. मग घरातल्या खोल्यांमधून मनाने फिरा म्हटलं, तर दुसराच भाग उजळला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तसंच.

मला तर जमिनीवर पाय ठरत नाहीत. उलटटपाली लिही.

तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. समोर रेडिओ उघडा पडलाय आणि गिऱ्हाईक ताटकळलंय. पण विश्वास ठेवायची भीती वाटते गं. शब्द कानावर पडले आणि मेंदू आपोआप उजळला, असंही असेल. आत कुणी नसलं तरी दाराची घंटा वाजतेच.

म्हणून एक कर. रंधा म्हणजे ‘हो’, खोल्या म्हणजे ‘नाही’, असं त्यांना समजाव. गेल्या महिन्यात आलो तेव्हा मी बाबांच्या कानात सांगितलं की मी लग्न ठरवलंय, आणि मुलगी काय काम करते तेही. आत कुणी नाही असं धरून चाललो, म्हणून तर धीर झाला. एरवी त्यांच्यापुढे माझी दातखीळ बसते. आता विचार, ती शिक्षिका आहे का? मग विचार, ती बस चालवते का? यातलं एकच खरं आहे. कुठलं, ते तिकडे फक्त बाबांना ठाऊक.

रागावू नकोस. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा खटपट्या


दि. १७ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

लग्नाची बातमी अशी देतात का रे? भेटलास की कान पिळणार आहे.

शिक्षिका म्हटल्यावर बाबा खोल्यांमधून फिरले. बस म्हटल्यावर रंधा. माझी होणारी भावजय बस चालवते, हे मला बाबांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या.

मी त्यांना विचारलं, हा उजेड म्हणजेच बाबा का? त्या म्हणाल्या, उजेडावरून रक्त कुठे धावलं एवढंच कळतं. ते धावताना बाबांना आतून काय वाटलं, ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. ते त्यांनाच विचारायला हवं.

मग विचारलं. इतके महिने ऐकू येत होतं का? रंधा. त्या खाटेपाशी आपण काय काय बोललो ते आठवून मी पदराने तोंड पुसलं. दुखतंय का? खोल्या. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शेवटी तुझ्यासाठी विचारलं, सून पसंत आहे का. रंधा सुरू झाला. अर्ध्या मिनिटाने बाईंनी नेहमीसारखं ‘थांबा’ सांगितलं. बाबा थांबलेच नाहीत.

तिला घेऊन लवकर ये. माया आहेच, ती भेटीत वाढावी.

तुझी ताई