उजळण्याचा नियम

ता. १४ जून, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, म्हणजे आई नेहमीसारखीच आहे. तू खुशाल असणारच. पुस्तक छापून आल्यापासून तुझे पाय जमिनीवर नाहीत असं वहिनी म्हणत होती. फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र रंगवलेल्या बाहुल्यांच्या खोक्यात घालते आहे. तू त्यांना मिनिएचर म्हणतोस. बोटाएवढ्या असतात, मी बाहुल्याच म्हणणार.

तुझ्या त्या फाशांच्या खेळाचं नियमांचं पुस्तक एकदाचं वाचलं. इतके दिवस तू 'कातडी कोळशासारखी, केस पांढरे, डोळे लाल' असं लिहून पाठवायचास आणि मी ब्रश उचलायचे. आता कथा कळली. डार्क एल्फ, म्हणजे तुझ्या भारदस्त भाषेत 'तमोवंशी', आधी बाकीच्या एल्फांसारखे, म्हणजे त्या टोकदार कानांच्या परीलोकातल्या लोकांसारखे, गोरेपान होते. मग त्यांच्या राणीने भावाशी दगा केला, सूर्यदेवतेचा शाप लागला, अख्खी जमात काळी पडली आणि जमिनीखाली राहायला गेली. वा! इतकी वर्षं खपून हे दिवे लावलेस?

पिढ्यान्पिढ्या ऊन न बघता राहणारी माणसं काळी कशी होतील रे? आमच्या ओट्याखाली विसरलेल्या बटाट्यांना कोंब फुटतात, तेसुद्धा पांढरेफटक असतात. एवढं कळायला पुस्तक लिहावं लागत नाही, जरा खाली वाकावं लागतं. तू म्हणशील, 'अगं, फॅन्टसी आहे ती.' बरं. म्हणजे फासे टाकून ड्रॅगन मारायचा, मेलेल्याला उठवायचं, तिथे तुझी कल्पना भरारी घेते. पाप केलं की माणूस काळा होतो, एवढं मात्र तुला होतं तसंच चालतं.

आणि राणीचं वर्णन! 'कृष्णवर्णी असूनही मोहक.' हे कुठून उचललंस ते मी ओळखलं. पाहुणे आले की आई माझ्याकडे बघून म्हणायची, 'रंगानं सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो.' तू शेजारी बसून बिस्किटं खायचास. कान उघडे होते म्हणायचे.

असो. इकडे छत गळत होतं ते दुरुस्त झालं. रंगांच्या बाटल्या आता खिडकीशी मांडल्यात, उजेड छान येतो.

खरं म्हणजे मला बटाट्यांबद्दल लिहायचं नव्हतं. त्या रंगांच्या कार्डाबद्दल लिहायचंय. तू म्हणाला होतास, 'सहा घराण्यांसाठी सहा छटा हव्यात, कोळशापासून लोण्यापर्यंत. तुझ्याइतकं कुणाला जमणार?' मी खुळी, हुरळले, रंग घोटत बसले आणि कार्डावर सहा पट्टे ओढून दिले. घराणी कसली! तो निघाला तुझा प्रायश्चित्ताचा नियम. तमोवंशी खेळाडूने चांगलं काम केलं की त्याची कातडी एक छटा उजळते. लोण्यापर्यंत पोचला की शाप संपला, तो वर उन्हात राहायला मोकळा.

दर रविवारी चिमणी तुझ्याकडे खेळायला येते. माझी एवढीशी पोर, मामा म्हटलं की तिला दुसरं काही सुचत नाही. तुझ्या मुलाला तू गोरापान तेजोवंशी केलंस आणि तिला तमोवंशी. 'हिला रंगवायलाही नको' म्हणालास, सगळे हसले, तीही हसली. वहिनीनेच सांगितलं, अगदी कौतुकाने.

तेव्हापासून पोर एकदम गुणी झाली. न सांगता ताट उचलते, आजीचा गुडघा चोळते, पालेभाजी तोंड वाकडं न करता खाते. मी चार लोकांना सांगत सुटले होते. परवा बाथरूमचं दार उघडं दिसलं. ती दिव्याखाली उभी होती, तुझं कार्ड मनगटाला लावून. मला बघून म्हणाली, 'आई, मी इतकं केलं तरी दुसरीच छटा आहे. मामाला विचार ना, माझं काय चुकतंय?'

दादा, मला राग आला की मी बोलते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा मात्र रडू आलं, तेही तिच्यासमोर नको म्हणून नळ सोडून हात धूत राहिले.

खोक्यात तुझी सगळी सेना आहे, ते कार्डही आहे. राणी नाही. राणी मी कोळसा न वापरता रंगवली. तपकिरीवर पातळ पातळ थर, सावलीत जांभळट, गालाच्या हाडावर तांबूस. काळ्या कातडीत किती रंग असतात हे तू कधी पाहिलंच नाहीस, आणि म्हणे माझ्याबरोबर एका घरात वाढलास. चिमणी टेबलावर हनुवटी टेकून बघत होती.

'हिनं काय केलं होतं?'

'काही नाही. अशीच जन्मली.'

'पण मामाच्या पुस्तकात तर…'

'मामाला माहीत नाही.'

तिनं राणी उचलून आपल्या मनगटाशी धरली. मग म्हणाली, 'मग मी सांगते त्याला.'

तर रविवारी ती येते आहे, राणीला मुठीत घेऊन. हसून विषय बदलू नकोस. 'अगं, खेळ आहे तो' म्हणू नकोस. तिच्यासमोर ते पान उघड आणि मामाने चुकीचं लिहिलं, असं स्वतःच्या तोंडाने सांग. तुझ्या मुलालाही शेजारी बसव, त्यालाही ऐकू दे. छापलेल्या प्रतींचं काय करायचं ते तू आणि तुझा प्रकाशक बघा. ते कार्ड मात्र तुझ्याकडे राहू दे. ती पुन्हा ते घेऊन घरी आली, तर तो तिचा तुझ्याकडचा शेवटचा रविवार असेल, आणि हे माझं शेवटचं खोकं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर चिमणीकडे बघून म्हणेल, 'नाकीडोळी तर नीटस आहे की.'

वहिनीला नमस्कार.

काही पाप न करता काळी जन्मलेली,
तुझी धाकटी बहीण