कूलरचं ओलं गवत

१७ एप्रिल, ग्वाल्हेर. संध्याकाळ.

शर्वरी शिंदेचा पाठ डोक्यातून जात नाहीये. आमच्या बी.एड.ची ही मुलगी आज मुरारच्या शाळेत आठवीला कंप्युटर शिकवत होती, विषय पाणी आणि वीज वाचवण्याचा. तिनं ओलावा मोजणारा सेन्सर आणलेला नाही हे दिसताच, पाठ सुरू व्हायच्या आधीच मी निरीक्षणाच्या कागदावर ‘साधन’समोर शून्य मांडून मोकळी झाले. काय घाई होती मला?

त्या वर्गातल्या कूलरचा पंप दिवसभर चालतो. त्याच्या जाळीतलं गवत निथळत राहतं, पाणी व्हरांड्यात सांडतं. काल तिनं पंप बंद करवला आणि मुलींना दर पाच मिनिटांनी गवताला हात लावून ओलं की कोरडं ते लिहायला लावलं. आज त्याच नोंदींवरून मुलींनी पंप कधी चालू, कधी बंद ते सांगणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर ‘पंप बंद’ आलं की एकीनं उठून बटण दाबायचं. एवढंच! पण बटणासाठी भांडणं लागली.

तरी नंतर मी विचारलंच, “सेन्सर का नाही आणलास?”

“मॅडम, सेन्सर तर कॉलेजात वापस जाईल. मुलींचे हात इथेच राहणार ना.”

इतकी वर्षं शिक्षक घडवतेय मी, म्हणे! शून्य खोडून पूर्ण गुण दिले. खोडलेलं शून्य मात्र दिसतंच.

घरी येऊन कूलरचा पंप बंद केला, त्याला अर्धा तास झाला. आत्ता उठून गवताला हात लावून आले. अजून ओलंच आहे.