सिंगल ओनर, टकाटक कंडिशन

४ सप्टेंबर
गाडी विकायची. फायनल. वडलांना काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, उजवा वाचवायचा तर ऑपरेशन लांबवू नका, गेलेली नजर परत येत नसते. आई गळ्यातलं मोडायला निघाली होती. मी म्हणालो, अजिबात नाही, माझी टूरिंगची बाइक उभी आहे ना. आठ दिवसांत पैसे. वडील उठून गोठ्यात गेले. भरून आलं असणार.

७ सप्टेंबर
जाहिरातीला फोटो पाहिजेत. अंगणात काढले तर मागं गोठा येतो. उद्या नाणेघाट.

११ सप्टेंबर
नाणेघाटात धुकं. गाडीच दिसेना. एक रायडर ग्रुप भेटला, त्यांच्याबरोबर माळशेजला राहिलो. ओळखी वाढल्या. गिऱ्हाईक अशातूनच मिळतं.

१९ सप्टेंबर
शेवटी आणे घाटात फोटो जमला, सूर्य उगवताना. टाकला ऑनलाइन. घरी आलो तर वडील गाडीच्या साइड पेटीला धडकलेले. पेटीला ओरखडा! म्हणतात समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मग बाजूनं जायचं कशाला? आता पॉलिश आणणं आलं.

२ ऑक्टोबर
बोरी बुद्रुकचा गोरख आला. दुधाचा धंदा. पैसे रोख घेऊनच आलेला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "भाऊ, ह्या पेट्या काढल्या की दुधाचं कॅन बसत्याल का?" मी म्हणालो, ही गाडी लेहला जाऊन आलीय. तर म्हणाला, "मंग डेअरीचा चढ लई सोपा जाईल तिला." दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. रात्री आईनं माझं ताट वाढलंच नाही.

१४ ऑक्टोबर
जुन्नरहून जुबेर आला. मोबाइलचं दुकान आहे, फिरायचा नाद माझ्यासारखाच. ट्रायल म्हणून त्याला भीमाशंकरला नेलं. चालवली मीच, क्लचची खुबी नवख्याला कळत नाही. मागं बसून ओरडत होता, "राव, घ्यायची मला हाये, ट्रायल तुमीच मारताय!" तरी गाडी आवडली. मी एकच अट घातली, वर्षातून दोन ट्रिपा मला द्यायच्या. म्हणाला, "पोरगी देऊन वर जावयाच्या घरी मुक्कामाला येनार का?" गेला निघून. काही लोकांना भावनाच नसतात.

३ नोव्हेंबर
आईनं परत गळ्यातलं काढलं. वडीलच तिला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरगा इकतो म्हनलाय ना, इकंल." घरात एका माणसाला तरी माझी कदर आहे. नंतर त्यांनी किटलीतला चहा कपाशेजारी ओतला. मी म्हणालो, दादा, लक्ष कुठंय? म्हणाले, "कप हितंच व्हता की."

२१ नोव्हेंबर
माळशेजवाला ग्रुप गोव्याला चाललाय. लांबच्या पल्ल्यावर गाडी चेक करून ठेवली तर भाव वाढतो. चारच दिवस. आल्यावर लगेच विक्री.

२ डिसेंबर
जरा जास्त दिवस झाले. आई म्हणाली, आता उजव्यानंपण नुसता उजेड कळतो. थंडीचं असेल. तरी गोरखला फोन केला. आला बिचारा. मागच्या वेळेपेक्षा भाव पाडून मागितला. दिली. पेट्या मीच खोलून दिल्या. जाताना म्हणाला, "तवाच दिली असती तर, राव?" मी किल्ली दिली.

९ डिसेंबर
वडलांना घेऊन पुण्याला. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग ऑपरेशनचं पहिल्यांदा कधी सांगितलं होतं ते विचारलं. मी म्हणालो, गाडी विकली जात नव्हती. त्यांनी फाइल मिटली. आता ऑपरेशन करून नजर येणार नाही म्हणाले.
एसटीनं आलो. वडलांना खिडकीजवळ बसवलं. मंचर गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर काय दिसतंय रं?"
किती वेळा गेलोय या रस्त्यानं. एक गोष्ट तोंडातून निघेना.
म्हणालो, अंधार पडलाय दादा, मलापण काय दिसंना.
म्हणाले, "बरं."
ऊन त्यांच्या तोंडावरच होतं.